काटा ७० वर, सिगार मात्र वाळलेले

नव्या ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगार ओलसर ठेवणाऱ्या लाकडी पेटीत, सगळ्यात जास्त खोटं बोलतो तो झाकणात बसवलेला पितळी हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर. पेटी घरी येते, आतला स्पंज भिजवला की काटा ७० टक्क्यांवर जातो आणि घेणारा निर्धास्त होतो. दोन महिन्यांनी सिगार बोटांत दाबावा तर कुरकुरतो, वरचं पान तडकतं, धूर तिखट लागतो. तक्रार केली की विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: मीटर बघा, पेटी ठीक आहे, तुमचे सिगारच जुने.

स्वस्त मीटरमध्ये काट्यामागे कागद चिकटवलेल्या धातूच्या पट्टीची गुंडाळी असते. कागद ओलावा पिऊन फुगला की गुंडाळी हलते आणि काटा फिरतो. ती १०-१५ टक्क्यांनी हुकणं नवलाचं नाही; काही काटे तर कोरड्या खोलीतही ७० वरच अडकलेले असतात. पारखायला खर्च येत नाही. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, मोजके थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं व्हावं, विरघळू नये. बूच आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत २४ तास ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. काटा ८८ दाखवत असेल, तर तुमचे ७० म्हणजे प्रत्यक्षात ५७ च्या आसपास. मागच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून काटा ७५ वर आणा. खाचच नसेल तर तो मीटर शोभेचा समजा. डिजिटल मीटरलाही हीच परीक्षा द्यायला लावा.

मग झाकण. चालू टॉर्च पेटीत ठेवून अंधारात झाकण लावा; फटीतून उजेड दिसला तर ओलावाही तिथूनच जाणार. काचेच्या झाकणात काच आणि चौकटीचा सांधा जरूर तपासा.

लाकूड 'स्पॅनिश सिडार' म्हणून विकतात. हे झाड महोगनीच्या कुळातलं, ना स्पेनचं ना खरं सिडार, पण ओलावा शोषून सावकाश सोडण्यात उत्तम. फसवी पेटी आतून एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीची असते, वर नखाएवढ्याही जाडीचा नसलेला व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. बिजागरीच्या खाचेत डोकवा: तिथे रेषांऐवजी दाबलेला भुसा दिसेल. आणि '५० सिगारची पेटी' हा आकडा बारीक सिगार ठासून भरून काढलेला असतो. जाड सिगार ३० मावले तरी पुष्कळ.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार वॉरंटीचा. सूचनापत्रकातच लिहितात, आतलं लाकूड ओल्या फडक्याने पुसा. लाकूड फुगतं, झाकण वाकतं, आणि मग 'पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत नाही'. पुसू नका. रिकाम्या पेटीत ८४ टक्क्यांचे आर्द्रता-पॅक (आतला ओलावा ठरलेल्या टक्क्यांवर धरणाऱ्या पुड्या) ठेवून दोन आठवडे बंद ठेवा, मग ६५ किंवा ६९ चे पॅक घाला. ओलावा देणारं फोमचं यंत्र वापरत असाल तर फक्त डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्यातले क्षार फोम बुजवतात. खोली २१ अंशांच्या आत ठेवा. २५ च्या वर गेली की तंबाखूतल्या किड्यांची अंडी फुटू लागतात.

पेटीसोबत 'मुरलेले' सिगार गळ्यात मारताना पांढऱ्या थराला 'वयाची साय' म्हणतात. थर केसाळ किंवा ठिपक्याठिपक्यांचा असेल तर ती बुरशी. पेटवायच्या टोकातून ती आत शिरली असेल, तर तो सिगार पेटीत ठेवूच नका.