मराठी टायपिंग: फोनेटिक शिकू, इनस्क्रिप्ट शिकू की क्लासवाला म्हणतो ते कृतिदेव?

मावशी शाळेतून रिटायर झाली, लॅपटॉप घेतला आणि पहिल्याच रविवारी तिचा फोन आला, "अरे मला मराठी टायपिंग शिकायचंय, क्लासवाला म्हणतो कृतिदेव शिका, शेजारची म्हणते गूगलवर इंग्लिशमधून लिहायचं आपोआप मराठी होतं, आणि तुझा काका म्हणतो बोललं की उमटतं मग शिकायचंच कशाला, तू सांग नक्की काय करू." नवीन शिकणारा जवळजवळ प्रत्येक माणूस इथेच अडकतो म्हणून तिला सांगितलं तेच सविस्तर लिहितोय.

आधी तीन शब्द वेगळे करा कारण सगळा घोळ तिथे आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला दिलेला कायमचा नंबर, उदाहरणार्थ क चा नंबर 2325, मग तो मोबाईलवर असो की लॅपटॉपवर की अमेरिकेतल्या कोणाच्या कंप्युटरवर, 2325 म्हणजे कच. फॉन्ट म्हणजे त्या अक्षराचं वळण, जसं एकाच शब्दाचं तुमचं हस्ताक्षर वेगळं आणि माझं वेगळं. आणि कीबोर्ड लेआउट म्हणजे कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर येणार ते. शिकायचा असतो तो लेआउट. फॉन्ट कधीही बदलता येतो. मुक्ता, बालू असे चांगले मराठी फॉन्ट तर फुकट मिळतात, आणि कृतिदेव हे तर एका जुन्या फॉन्टचं नाव, त्यामुळे "कृतिदेव शिका" ह्या सल्ल्यात फॉन्ट आणि लेआउट एकत्र कालवलेत.

कृतिदेव आणि त्याच्यासारख्या जुन्या फॉन्टची खरी अडचण अशी की त्यात कंप्युटरला तुम्ही मराठी लिहिलंय हे माहीतच नसतं. त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं की आत साठतं ई-जे-के-बी-एच. मावशीच्या महिला मंडळाची सभासदांची यादी एका डीटीपीवाल्याने (कंप्युटरवर छपाईची पानं लावून देणाऱ्याने) अशीच करून दिली होती, तिच्या नव्या लॅपटॉपवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा, कारण तो फॉन्ट तिच्याकडे नव्हता, आणि ती घाबरून म्हणते व्हायरस आला का रे. व्हायरस नव्हता, पण नुकसान तेवढंच. अशा फाईलमध्ये 'कुलकर्णी' टाईप करून शोधलं तर सापडत नाही, एक्सेलमध्ये नावं अकारविल्हे लावायला गेलं तर भलताच क्रम लागतो, व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर कोणालाच वाचता येत नाही. कन्व्हर्टर मिळतात आणि ते बरंच काम करतात पण नंतर जोडाक्षरं एकेक तपासत बसावं लागतं, मी ती यादी दुरुस्त करायला अख्खी संध्याकाळ घालवली.

मग हे कोणी शिकावं? ज्याला प्रिंटिंग प्रेसमध्ये किंवा डीटीपीत काम करायचंय त्याने, कारण तिथे जुन्या फाईल अजून आहेत. ज्याचा हात टाईपरायटरवर बसलाय त्यालाही रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाईपरायटरचा लेआउट, सोडायची गरज नाही, तोच लेआउट युनिकोडमध्ये देणारी सॉफ्टवेअर मिळतात, ती घ्या आणि जुना फॉन्ट तेवढा सोडा. सरकारी टायपिंग सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तर फी भरायच्या आधी इन्स्टिट्यूटला विचारा की सराव आणि परीक्षा नक्की कुठल्या लेआउटवर, आणि त्याचाच सराव करा. बाकी घरगुती माणसाने 'कृतिदेव शिकवतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फोनेटिक, म्हणजे इंग्रजी स्पेलिंग लिहायचं आणि मराठी उमटतं ते. ह्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आज बसलात तर आजच सुरू. विंडोजमध्ये 2019 पासून मराठी फोनेटिक आतच दिलंय, मोबाईलवर तर बरेच जण तेच वापरतात. व्हॉट्सअॅप, फेसबुक, एखादं पत्र, एवढंच लिहायचं असेल तर खुशाल हे घ्या, ह्यात कमीपणा काही नाही. पण हे अंदाजाने चालतं. तुम्ही स्पेलिंग देता, ते शब्द सुचवतं, आणि तुमची नजर सतत त्या सुचवण्यांवर, की पाणी आलं का पानी, बाळ आला का बाल. आडनावं आणि गावांची नावं आली की फारच रखडायला होतं. आणि एक गोष्ट मला खरंच टोचते, तो म्हणजे ऱ. नेटवर जिकडे तिकडे 'दुसऱ्या' 'तिसऱ्या'च्या जागी 'दुसर्या' 'तिसर्या' दिसतं ते बऱ्याचदा ह्यामुळेच, लिहिणाऱ्याला माहीत असतं पण सुचवण्यांमध्ये समोर येतं ते तो उचलतो. 'आचार्यांना बोलावलं' आणि 'आचाऱ्यांना बोलावलं' ह्यात एक गुरुजी येणार आणि एक स्वयंपाकी, आणि मंडळाच्या पत्रात हे चुकलं तर काय होईल सांगायला नको.

इनस्क्रिप्ट म्हणजे प्रत्येक बटणावर थेट मराठी अक्षर असलेला लेआउट, त्याला लोक घाबरतात कारण कीबोर्डवर इंग्रजी छापलेलं असतं आणि पहिले आठ दिवस एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात, तेवढी कटकट आहे हे कबूल. पण त्याची रचना एकदा नीट बघा. उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा. बोटं ठेवतो त्या मधल्या ओळीत प, क, त, च, ट, आणि प्रत्येकाच्या बरोबर वरच्या बटणावर ब, ग, द, ज, ड. शिफ्ट दाबली की त्याचंच जड रूप, क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध. डावीकडे मधल्या ओळीत ऱ्हस्व इकार उकार आणि त्यांच्या वर दीर्घ. म्हणजे ही आपली वर्णमालाच आहे, ओळीत मांडलेली! मावशीने तीस वर्षं पोरांना कखगघङ शिकवलं होतं, तिला कागदावर हे काढून दाखवलं तर दोन मिनिटं बघत बसली आणि म्हणाली "हे तर तक्त्यासारखंच आहे की रे."

शिवाय हे 1991 च्या भारतीय मानकातलं आहे, विंडोजमध्ये, लिनक्समध्ये आधीपासून असतं, विकत काही घ्यायला नको, नेट नसलं तरी चालतं, आणि हिंदी कोकणीला हाच कीबोर्ड, गुजराती बंगाली कन्नडमध्येसुद्धा क त्याच बटणावर. ह्यात अंदाज नाही, जे दाबाल तेच येणार. 'दुसऱ्या' लिहायचंय तर ओ, जी, एम, शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. डी म्हणजे पाय मोडणं, त्याच्यावरच सगळी जोडाक्षरं. एकदा बोटात बसलं की नजर कागदावर ठेवून लिहिता येतं, फोनेटिकमध्ये ते जमत नाही.

बोलून लिहिणं, काकाचा मुद्दा, तोही चुकीचा नाही. गूगल डॉक्समध्ये मराठी चालतं, डोळ्यांना त्रास असेल किंवा बोटं दुखत असतील त्यांच्यासाठी फार मोठी सोय आहे. पण नेट लागतं, खोली शांत लागते, पूर्णविराम स्वल्पविराम हाताने टाकावे लागतात आणि दुरुस्तीला शेवटी कीबोर्डच.

तर निवडताना एकच बघा, रोज मराठी किती लिहिणार. आठवड्यातून चार ओळी असतील तर फोनेटिक. रोज पानभर असेल, म्हणजे मंडळाचं इतिवृत्त, सोसायटीच्या नोटिसा, आठवणी, भाषांतर, शाळेचं काम, तर इनस्क्रिप्टच, आणि वय आड येत नाही, मावशी बासष्टची आहे.

सुरुवात अशी करा. सेटिंगमध्ये टाईम अँड लँग्वेज, तिथे भाषा वाढवा म्हणून मराठी घ्या. इंग्रजी-मराठी बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार. मग स्टार्टमध्ये ऑन-स्क्रीन कीबोर्ड शोधून उघडा, त्यावर मराठी अक्षरं दिसतात, स्टिकर आणायची गरज नाही. पहिले तीन दिवस फक्त मधली ओळ, जोडाक्षरं नकोतच, कप, पोट, कोट, टोप असले शब्द. मग वरची ओळ, मग शिफ्टवाली, आणि पाय मोडणं सगळ्यात शेवटी. रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज. मावशीने सरावाला मंडळातल्या बायकांची नावं घेतली होती, एक दिवस दहा नावं, आणि ती यादी आता तिनेच नव्याने युनिकोडमध्ये केलीये, नाव टाकलं की सापडतं.