पोकरा योजना : अनुदान चांगलं, पण आधी खिसा हवा

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, म्हणजेच पोकरासाठी, जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. फेड सरकारची, शेतकऱ्याला मिळतं ते अनुदान. दुष्काळी मराठवाडा-विदर्भ आणि खारपाणपट्ट्यासाठी (खाऱ्या भूजलाच्या भागासाठी) असा पैसा यायलाच हवा होता.

रक्कम थेट खात्यात येते, ही योजनेची सर्वांत भक्कम बाजू. क्रम मात्र मोडू नका: ऑनलाइन अर्ज, ग्राम समितीची मान्यता, पूर्वसंमती (खरेदीआधीची मंजुरी) आणि मगच खरेदी. पूर्वसंमतीआधीच्या तारखेचं बिल जोडलं की प्रस्ताव बाद. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही अडकतात.

खरी अडचण भांडवलाची. आधी पदरचा खर्च, मग मोका तपासणी (जागेवर येऊन पाहणी), मग अनुदान. अल्पभूधारकाला हे फार जड जातं.

या अनुदानातून शेततळ्याला अस्तर करणार असाल तर ५०० मायक्रॉन (अर्धा मिलिमीटर) जाडीचा प्लास्टिक कागद घ्या. तळ आणि उतारावरचे टोकदार दगड, मुळं वेचून माती दाबून घ्या, नाहीतर पाण्याच्या वजनाने कागद फाटतो. काठावर सलग चर खणून कड त्यात गाडा. कड उघडी राहिली की वारा शिरून कागद उचलला जातो.