शेवंती की ॲस्टर? थंड मुलखातल्या शरदाच्या बागेसाठी

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या दुकानांबाहेर शेवंतीच्या गच्च फुललेल्या कुंड्या मांडतात. नवरात्र तोंडावर असतं, झेंडू पहिल्या फ्रॉस्टला मान टाकणार हेही ठाऊक असतं, त्यामुळे आपल्या मंडळींचा हात आधी शेवंतीकडेच जातो. दारात ठेवायला, पूजेला जरूर घ्या. बागेत कायमची लावायची असेल, तर मात्र मी ॲस्टरच्या बाजूने आहे.

दोघांनाही निदान सहा तास ऊन हवं. जूनअखेरपर्यंत शेंडे खुडत राहिलं की दोन्हीही बुटकी, भरदार होतात. फरक पडतो तो हिवाळ्यात. अमेरिकी कृषी खात्याच्या 2023 साली सुधारलेल्या, थंडीनुसार झोन पाडणाऱ्या नकाशात मिनियापोलिस झोन 5 अ मध्ये येतं (आकडा जितका लहान, तितकी थंडी जास्त). म्हणजे वर्षातल्या सर्वांत थंड रात्री पारा सरासरी उणे 26 ते उणे 29 सेल्सिअसपर्यंत उतरतो. न्यू इंग्लंड ॲस्टर हे उत्तर अमेरिकेचंच रानफूल, झोन 4 ची थंडीही ते सहज काढतं. दुकानातली शेवंती फुलून आलेली असते, तिची सगळी ताकद कळ्यांत गेलेली. ऑक्टोबरमध्ये जमिनीत लावली तर मुळं धरण्याआधीच माती गोठते. मग गोठणं-वितळणं सुरू झालं की माती मुळांचा गड्डा वर ढकलते. एप्रिलमध्ये वाळकी काडी ओढावी, तर कुंडीच्या आकाराचा गड्डा तसाच्या तसा हातात येतो. एक मूळ बाहेर गेलेलं नसतं.

शेवंतीवाचून चैनच पडत नसेल तर दोन गोष्टी सांभाळा. मिनेसोटा विद्यापीठाने थंडीत टिकणाऱ्या शेवंतीच्या जाती तयार केल्या आहेत, त्यातली निवडा, आणि लावायची ती मे महिन्यात. फुलं सरली तरी काड्या कापू नका. त्यांत अडकलेला बर्फ आणि पालापाचोळा मुळांवर पांघरूण घालतो. अंगणातल्या दिव्यापासूनही तिला लांब ठेवा. दिवस लहान झाल्याशिवाय शेवंतीला कळी येत नाही आणि रात्रभर जळणारा दिवा तिला फसवतो.

ॲस्टर निर्दोष आहे असं नाही. मूळ जात चार-पाच फूट वाढते, पावसात आडवी होते. खालची पानं ऑगस्टमध्येच करपतात आणि झाडं दाटीने लावली तर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) पडते. म्हणून ‘पर्पल डोम’ घ्यावी: दीड-दोन फुटांची, आधाराच्या काठीची गरज नाही. पुढे काहीतरी ठेंगणं लावलं की उघडी पडलेली बुडं झाकतात. शिवाय सप्टेंबरात मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं याच फुलांवर उतरतात. भरगच्च पाकळ्यांच्या शेवंतीत त्यांना फारसं काही मिळत नाही. हारासाठी मात्र ॲस्टर निरुपयोगी, तोडलेलं फूल लगेच मिटतं. तिथे शेवंतीच.

पाणी घालायचा कंटाळा असेल त्यांनी सेडम ‘ऑटम जॉय’ लावावं. पानं मांसल, फुलं आधी गुलाबी, मग विटकरी, आणि वाळलेले गुच्छ बर्फातही उभे. खत घातलं की मधोमध फाकतं. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत उपाशी ठेवलेलं बरं.

घराच्या उत्तरेला जेमतेम ऊन येत असेल तर वरच्यापैकी काहीच जमणार नाही. तिथे जपानी ॲनिमोन. ‘ओनोरिन झोबेर’ ही पांढरी जात 1858 पासूनची, फुलं देखणी. मिनियापोलिसला मात्र ‘रोबुस्टिसिमा’ जास्त भरवशाची, ती झोन 4 मध्येही टिकते. एकदा रुळली की मुळांनी सरकत शेजारचा वाफाही बळकावते, म्हणून फरसबंदी आणि भिंत यांच्या मधला पट्टा तिला द्यावा.

कोल्चिकम शेवटी ठेवलं, कारण ते घ्यावं की नाही हे घरात कोण आहे त्यावर ठरतं. ऑगस्टमध्ये कंद लावला की महिनाभरात एकही पान नसताना जमिनीतून जांभळट पेले उगवतात. पानं येतात थेट वसंतात. पण ते नखशिखांत विषारी आहे आणि दिसतं केशरासारखं. केशराच्या फुलात तीन पुंकेसर असतात, यात सहा. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारा कुत्रा असेल, तर ते लावूच नका.