वही, शीट की तयार कॅटलॉग? मॉडेल गाड्यांच्या वाढत्या संग्रहाची वार्षिक मोजदाद

वार्षिक मोजदादीतून तीन उत्तरं निघायला हवीत. यादीतली प्रत्येक गाडी कपाटात आहे का? कपाटातली प्रत्येक गाडी यादीत आहे का? आणि गेल्या वर्षीपेक्षा तिची अवस्था बिघडली आहे का? वही, फोनवरची शीट आणि इंटरनेटवरचा तयार कॅटलॉग या तिन्ही पद्धती पहिल्या प्रश्नाला बऱ्यापैकी पुरतात. फरक पडतो तो पुढच्या दोन प्रश्नांना. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा ओली असते, त्यामुळे इथे तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. खालची तुलना मुद्दामच त्या बाजूला झुकलेली आहे.

कोणतीही पद्धत घ्या, आधी एक काम करावंच लागतं: प्रत्येक गाडीला स्वतःचा नंबर. साल आणि अनुक्रमांक पुरे, उदाहरणार्थ २५-०४७. म्हणजे २०२५ मध्ये आलेली सत्तेचाळिसावी गाडी. गाडी विकली किंवा कुणाला दिली तरी तो नंबर दुसरीला द्यायचा नाही. नंबर गाडीवर किंवा कार्डावर (गाडीमागच्या छापील पुठ्ठ्यावर) चिकटवू नका. टेपचा गोंद दोन-तीन पावसाळ्यांत पिवळा पडतो आणि काढताना कार्डाचा वरचा थर सोलून आणतो. कार्डेड, म्हणजे अजून कार्डावरच असलेली गाडी असेल तर बाहेरच्या प्लॅस्टिक प्रोटेक्टरवर लावा. लूज, म्हणजे पॅकिंगमधून काढलेली असेल तर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी तिच्या खणात ठेवा. शाईपेक्षा पेन्सिल बरी, कारण ओल लागली तरी ती पसरत नाही.

वही

दोनशे पानी, पक्क्या बांधणीची, फुलस्केप वही घ्या. सुट्या कागदांची फाइल नको, एक पान गहाळ झालं तरी कळत नाही. बहुतेक जण ब्रँडप्रमाणे पानं वाटून घेतात, हॉट व्हील्सला तीस, माजोरेटला दहा, बुरागोला पाच, आणि इथेच वही फसते. हॉट व्हील्सची पानं वर्षभरात भरतात, बाकीची कोरी राहतात, मग नोंदी मिळेल त्या जागेत घुसवल्या जातात. त्यापेक्षा खरेदीच्या क्रमानेच लिहीत जा आणि शेवटची वीस पानं सूचीसाठी राखा. सूचीत फक्त मॉडेलचं नाव आणि नंबर.

वहीची खरी ताकद उजव्या समासात आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी पाच अरुंद रकाने आखा, एका वर्षाला एक. मोजदादीत तिथे एक अक्षर टाकायचं: ठीकसाठी ‘ठ’, टायर चिकटसाठी ‘ट’, रंगाला फोडासाठी ‘फ’, कार्डाला ओल असेल तर ‘ओ’. एखाद्या ओळीत ‘ठ ठ ठ ट’ दिसलं की चौथ्या वर्षी बिघाड सुरू झाला हे लगेच डोळ्यांत भरतं. शीटमध्येही हे जमतं, पण पाच वर्षांचे रकाने फोनच्या पडद्यावर एकदम मावत नाहीत. शिवाय वहीत खाडाखोड दिसते. कोणती नोंद बदलली आणि आधी काय होतं, हे लपत नाही.

शोधाशोधीत मात्र वही उणी पडते. राजारामपुरीतल्या दुकानात गाड्या टांगलेल्या हुकांसमोर उभं राहून ‘ही निळी स्कायलाइन आपल्याकडे आहे का’ हा प्रश्न पडतो तेव्हा वही घरी असते. दुबार खरेदी रोखायला तिचा काही उपयोग नाही. शंभरेक गाड्यांपर्यंत हे सगळं लक्षात राहतं, त्यापुढे नाही. आणि वहीला दुसरी प्रत नसते, म्हणून प्रत्येक मोजदादीनंतर सगळ्या पानांचे फोटो काढून घराबाहेरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा.

शीट

गूगल शीट असो वा एक्सेल, वाढत्या संग्रहाला हीच पद्धत सगळ्यांत जास्त वर्षं साथ देते. पण सुरुवातीलाच तिचे दोन सापळे ओळखायला हवेत, नाहीतर पहिल्याच दिवशी यादी नासते.

पहिला सापळा स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीशी असलेल्या प्रमाणाच्या, रकान्यात. तिथे १:४३ किंवा १:१८ टाकलं की शीट ते घड्याळातली वेळ समजते. दिसायला आकडे जवळपास तेच राहतात, पण १:४३ च्या गाड्या किती हे सूत्राने मोजायला गेलं की उत्तर चुकू शकतं. मालिकेतल्या क्रमांकाचं तर त्याहून वाईट: कार्डावरचं ५/१० टाकलं की त्याची तारीख होते आणि मूळ आकडा हातचा जातो. उपाय सोपा आहे, पण तो डेटा भरण्याआधी करायचा. दोन्ही रकाने निवडून फॉरमॅट ‘साधा मजकूर’ करा. स्केलला नुसतं ६४, ४३, १८ लिहिलं तरी चालतं.

दुसरा सापळा सॉर्टचा. एकच रकाना निवडून सॉर्ट केला की नावं हलतात आणि नंबर, किंमत, जागा जिथल्या तिथे राहतात. मग लँबोर्गिनीच्या नावापुढे ॲम्बेसेडरची किंमत. हे लगेच लक्षात येत नाही, पुढच्या मोजदादीत येतं आणि तोवर जुनी प्रत शोधणं जिकिरीचं होतं. म्हणून सॉर्ट न करता फिल्टर वापरा, आणि नंबरचा रकाना संरक्षित करून ठेवा. गूगल शीटमध्ये जुन्या आवृत्त्यांचा इतिहास असतो, तिथे मागे जाता येतं. एक्सेलची फाइल नुसती लॅपटॉपवर असेल तर तारखेनिशी वेगळी प्रत ठेवणं तुमच्यावर.

रकाने बारापेक्षा जास्त नकोत: नंबर, ब्रँड, मॉडेल, रंग, स्केल, मालिका व क्रमांक, कार्डेड की लूज, खरेदीची तारीख, किंमत, जागा, अवस्था, मोजदादीची खूण. ब्रँड, जागा आणि अवस्था हे तीन ड्रॉपडाउन ठेवा. नाहीतर एकाच डब्याला ‘डबा ३’, ‘डबा-३’ आणि ‘तीन नंबर’ अशी तीन नावं पडतात आणि फिल्टर तिन्ही वेगळी मोजतो. लिपीही एकच ठरवा. मॉडेलची नावं निम्मी देवनागरीत आणि निम्मी रोमनमध्ये असतील, तर ‘पोर्शे’ शोधल्यावर अर्ध्याच पोर्शे सापडतील आणि उरलेल्या नाहीत असं समजून तुम्ही पुन्हा घ्याल.

एका ओळीत एकच गाडी. एकसारख्या दोन गाड्या असल्या तरी ‘संख्या २’ लिहू नका. एक कार्डावर असते, दुसरी उघडलेली, एकीचा रंग उडतो, दुसरीचा नाही, एक विकली जाते. संख्येच्या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही. दुबार ओळखायला ब्रँड, मॉडेल, रंग आणि मालिका एकत्र जोडणारा एक जादा रकाना करून त्यावर काउंटइफ (एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारं सूत्र) चालवा. २ किंवा जास्त आलं की दुबार.

फोटो शीटच्या खणात टाकू नका, काहीशे फोटो झाले की फाइल फोनवर उघडता उघडत नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलला गाडीचाच नंबर द्या. प्रत्येक गाडीचे दोन फोटो पुरतात, एक बाजूने आणि एक तळाचा.

तयार कॅटलॉग

हॉबीडीबीसारख्या साइटवर लाखो मॉडेलांच्या नोंदी आधीच भरलेल्या असतात, आपण फक्त ‘माझ्याकडे आहे’ म्हणायचं. गाडी ओळखायला यापरतं चांगलं साधन नाही. एकाच कास्टिंगचे, म्हणजे एकाच साच्यातल्या गाडीचे, एका वर्षात दोन-तीन रंग निघतात, चाकं बदलतात, टॅम्पो (गाडीवरची छापील नक्षी) बदलतो. हा बारकावा आपण स्वतः टाइप करण्यापेक्षा तिथे पाहिलेला बरा.

चुका होतात त्या घाईने जुळवताना. हॉट व्हील्सच्या तळावर जे कॉपीराइटचं साल असतं ते त्या साच्याच्या आराखड्याचं, गाडी बनल्याचं नाही. तळ बघून १९९८ ची नोंद निवडली आणि गाडी प्रत्यक्षात पंधरा वर्षांनंतरची, असं सर्रास घडतं. २००८ पासूनच्या गाड्यांच्या तळावर एक अक्षर आणि दोन आकडे असा छोटा शिक्का मिळतो. अक्षर सालाचं आणि आकडे आठवड्याचे. भिंग घेऊन तो बघा. बारकोड स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपचाही मेनलाइनला, म्हणजे हॉट व्हील्सच्या नेहमीच्या मालिकेला, फारसा उपयोग नाही, कारण वेगवेगळ्या गाड्यांच्या कार्डांवर बहुधा एकच बारकोड असतो. साध्या ट्रेझर हंटसाठी (हॉट व्हील्सच्या मोजक्याच निघणाऱ्या खास गाड्यांसाठी) कार्डापेक्षा गाडीवरची ज्योतीची छोटी खूण बघायची. त्याहून दुर्मिळ सुपर ट्रेझर हंटला चकचकीत स्पेक्ट्राफ्लेम रंग आणि रबरी टायर असतात.

आपल्याकडच्या गाड्या इथे थोड्या अडतात. सेंटीच्या पुल-बॅक (मागे ओढून सोडायच्या) ॲम्बेसेडर, कोलकात्याच्या मॅक्सवेल आणि मिल्टनच्या जुन्या गाड्या कुणाच्या माळ्यावरून संग्रहात आल्या असतील, तर त्यांच्या नोंदी प्रत्येक वेळी सापडतीलच असं नाही. त्या स्वतः घालाव्या लागतात. आणखी एक, पाचशे गाड्या भरण्याआधी आपली यादी सीएसव्ही (शीटमध्ये उघडणाऱ्या) फाइल म्हणून उतरवून घेता येते का ते दहा गाड्यांवर करून बघा. येत नसेल तर त्या साइटवर एकमेव नोंद ठेवू नका.

किमतीसाठीही लोक कॅटलॉगकडे वळतात. तिथे सावध राहा. कुणी मागितलेली किंमत हा भाव धरू नका, ज्या किमतीला माल प्रत्यक्ष गेला तोच भाव. व्यापारी वर्षअखेरीला शिलकी माल खरेदीच्या किंवा बाजारातल्या किमतीपैकी जी कमी ती धरून मांडतो. संग्रहालाही हाच नियम लावावा, फुगवलेल्या आकड्याने पुढच्या खरेदीचा अंदाज चुकतो.

मोजायचं कधी आणि कसं

बरेच जण दिवाळीच्या साफसफाईत मोजदाद उरकतात. कोल्हापूरसाठी आमची पसंती फेब्रुवारी-मार्चला. हवा कोरडी असते, वळीव यायचा असतो, आणि डबे उघडून बंद केले तरी आत ओल अडकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवाबंद डबा उघडणं टाळाच. ओली हवा आत जाते आणि झाकणाने तिथेच कोंडते. दसऱ्यानंतर फक्त अवस्थेची धावती पाहणी करावी, पावसाळ्याने केलेलं नुकसान तेव्हाच दिसतं.

मोजदाद संपेपर्यंत नवी खरेदी यादीत चढवू नका, ती वेगळ्या पिशवीत ठेवा. दोघं असाल तर एकाने गाडी उचलून नंबर, रंग आणि अवस्था बोलायची, दुसऱ्याने खूण करायची. एक डबा पूर्ण झाला की त्यावर तारखेची चिठ्ठी, मगच पुढचा. आधी कपाटाकडून यादीकडे जा. सगळे डबे झाले की उरलेल्या, खूण न झालेल्या ओळी घेऊन यादीकडून कपाटाकडे या. फक्त पहिला फेरा केला तर हरवलेली गाडी कधीच सापडत नाही, फक्त दुसरा केला तर न नोंदवलेली.

अवस्था बघताना १:१८ च्या गाड्यांना जास्त वेळ द्या. रबरी टायरमधला मऊपणा आणणारा द्रव हळूहळू बाहेर येतो आणि गाडी ज्यावर बसवलेली असते त्या प्लॅस्टिकच्या तळाला खातो. गाडी उचलली की टायर चिकटून येतो, खाली चमकदार, खोलगट डाग दिसतो. गाडी तळाला स्क्रूने घट्ट आवळलेली असेल तर हे लवकर होतं. स्क्रू सैल करून ॲक्सलखाली ॲक्रिलिकचा तुकडा द्या, टायर अधांतरी राहिले पाहिजेत. डब्यातला मऊ फोमही काढा. तो काही वर्षांत भुगा होतो किंवा चिकट होऊन रंगाला लागतो.

रंगाला फोड, दाराच्या कडेला केसासारखी भेग किंवा बॉनेट वाकलेलं दिसलं तर जस्ताच्या मिश्रधातूची कीड समजा. साच्यात ओतताना जस्तात शिशासारखी भेसळ राहिली की धातू आतून फुगतो, आणि उष्ण-दमट हवेत हे वेगाने होतं. ओतकामाच्या या गावात भेसळीचा परिणाम वेगळा समजावायला नको. ही कीड एका गाडीतून दुसरीत जात नाही, पण बरीही होत नाही. फोटो काढा, नोंद करा, गाडी कोरड्या जागी ठेवा आणि पुढच्या वर्षी फोटोशी ताडून बघा.

डब्यात आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहावी. छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि नारंगी सिलिका जेल एवढ्यावर भागतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात लहान मूल असेल तर ते नको. रंग उतरला की जेल ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तास-दोन तास वाळवून पुन्हा वापरा.

कोणी काय घ्यावं

४ मीटरची खरी गाडी १:६४ मध्ये सव्वासहा सेंटिमीटरची होते आणि १:१८ मध्ये बावीस सेंटिमीटरची. म्हणूनच १:६४ चे संग्रह शेकड्यांत जातात आणि १:१८ चे कपाट भरलं की थांबतात. पद्धतही त्यावरच ठरवा. १:१८ च्या तीस-चाळीस गाड्या असतील तर वही आणि दोन फोटो याहून जास्त काही लागत नाही, पाच वर्षांचे अवस्थेचे रकाने तिथे सोन्यासारखे. १:६४ शंभराच्या पुढे गेले असतील तर आजच शीटवर या, कारण चारशे झाल्यावर वहीतून शीट भरणं हे काम टळत राहतं. कॅटलॉग दोघांनीही ओळख पटवायला वापरावा, मूळ नोंद तिथे नको.

शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, कसबा बावडा रोड अशा भागांत राहणाऱ्यांनी शीटच घ्यावी, गाड्या कितीही असोत. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना हे पटेल. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ ला टेकलं की जागेच्या रकान्यावर फिल्टर लावायचा, खालच्या दोन खणांतली यादी किमतीप्रमाणे बघायची आणि कार्डेड गाड्यांचे डबे आधी माळ्यावर न्यायचे. लूज गाडी पाण्यातून निघाली तर लगेच धुऊन-वाळवून वाचते, कार्ड वाचत नाही.