मटण, चिकन की सरळ शाकाहार? मन खात असेल तर

हा प्रश्न बहुतेक खाणाऱ्या घरातली माणसंच विचारतात. चव आवडते, पण जीव घेण्याचं मनाला लागून राहतं. प्रथिनं आणि लोह यांच्या चर्चेत शिरत नाही. बी-१२ची गोळी मिळते, तो विषय तिथे संपला. मी दोन्हीकडे बरीच वर्षं काढली. सध्या शाकाहारी आहे, आणि त्याचं कारण ऐकायला जरा क्षुल्लकच वाटेल.

आधी मांसाहाराची बाजू, कारण ती समजतात तेवढी कच्ची नाही. मटणाचंच घ्या. उस्मानाबादी शेळी माळावरच्या झाडपाल्यावर, बाभळीच्या शेंगांवर वाढते, जिथे दुसरं फारसं काही पिकत नाही तिथे. जमीन नसलेल्या घरात दवाखान्याचं किंवा शाळेचं बिल आलं की बोकड बाजारात जातो. कळपाला बोकड एखाददुसराच लागतो, बाकीचे विकण्यासाठीच वाढवलेले. एकात दहा-बारा किलो मटण निघतं. दुकानात तो अख्खा टांगलेला असतो, आणि शेळी गळ्यात मारली नाही हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून खाटीक नराची खूण शाबूत ठेवतो. म्हणजे काय घेतोय ते समोर दिसतं. जीव जातो हे खरंच, पण त्याआधी तो उन्हातान्हात हिंडून जगलेला असतो.

पण दर रविवारी मटण कुणाला परवडतं? किलोचा भाव ऐकून माणूस शेजारच्या चिकनच्या दुकानाकडे वळतो, आणि हिशोब तिथे फिरतो. ब्रॉयलर साधारण चाळीस दिवसांत दोन किलोचा होतो. साफ करून तेरा-चौदाशे ग्रॅम उरतं. एका बोकडाइतक्या मांसाला आठ-नऊ कोंबड्या लागतात. त्यांची वाढ इतकी ओढून आणलेली असते की शेवटी काहींना स्वतःचं वजन पेलत नाही, त्या बसूनच असतात. अंडी खाऊन सुटका होईल असं वाटत असेल, तर लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या जातीची नर पिल्लं जन्माच्या दिवशीच मारतात. ती ना अंडी देणार, ना अंग धरणार.

मग शहाणा माणूस ठरवतो की गावठीच खायची. मीही ठरवलं होतं, आणि घोडं तिथेच अडलं. पुण्यात रंगीत पिसांची दिसेल ती कोंबडी ‘गावरानच आहे साहेब’. जवळून बघितलं तर चोचीचं टोक कापलेलं, नखं स्वच्छ. उकिरडा उकरून खाणाऱ्या कोंबडीचं असं ध्यान नसतं. कुठली, विचारलं की मुळशीची. पुढच्या खेपेला दुसऱ्या पिंजऱ्यातली, तीही मुळशीची. यातल्या पुष्कळशा डीपी क्रॉससारख्या संकरित, शेडमध्येच पोसलेल्या. ब्रॉयलरपेक्षा काही आठवडे जास्त जगलेल्या, एवढाच फरक. फारच चौकशा करायला लागलो तेव्हा एका दुकानदारानं वैतागून विचारलं, “साहेब, खायचीय की स्थळ बघताय?”

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मागे रांग होती. मासळी बाजारातही तेच. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी, तरी जुलैत पापलेट ‘आजचंच’. राज्यानं 2023मध्ये ज्याला राज्य मासा ठरवलं, त्या पापलेटाची तळहाताहून लहान पिल्लं वाट्यानं विकायला असतात, एकदाही अंडी न घातलेली. हे रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून हातानं ओढलेल्या जाळ्याचं, की पर्ससीनचं, म्हणजे बोटीवरून अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याचं, असं विचारलं तर मावशी हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

मांसाहार नीतीनं करता येतो असं मला आजही वाटतं. पण त्याला माहिती लागते, ती शहरातल्या गिऱ्हाइकाला मिळत नाही, आणि दर रविवारी आपलीच समजूत आपणच घालावी लागते. मला त्याचा कंटाळा आला. आमचे आजोबा माळकरी. एकदा माळ घातली, त्यानंतर त्यांना कुठल्याच दुकानासमोर विचार करावा लागला नाही. मी माळ घातलेली नाही, नियम तेवढा उचलला.

शाकाहार त्यामुळे स्वच्छ ठरतो असं मात्र कुणी समजू नये. म्हैस व्याल्याशिवाय दूध नाही, आणि रेडकू झालं तर गोठ्याला त्याचा उपयोग नाही. माझ्या ओळखीच्या गोठ्यात पारडी वाढताना दिसतात, रेडकं दिसत नाहीत. ‘गेलं’ म्हणतात. पुरेसं दूध पाजलं नाही की ते जातंच. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्यांचीही तीच गत. राज्यात 2015पासून बैल कापायलाही बंदी आहे, त्यामुळे ते रस्त्यावर सुटतात. म्हशी-रेड्यांना ही बंदी नाही, म्हणून त्यांची वाट कत्तलखान्याकडे जाते. चहातलं दूध आणि परदेशी जाणारं म्हशीवर्गीय मांस एकाच दावणीतून निघतं. गांधीजींना हे डाचत होतं. त्यांनी दूध सोडलं, पुढे मोठ्या आजारात कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीचं घेतलं, आणि आपण व्रताचे शब्द पाळले, भाव सोडला, हे स्वतःच लिहून ठेवलं.

शिवाय शाकाहारी झालात की नको ते लाभ पदरात पडतात. घर बघायला गेलो, मालकानं आडनाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या, मग ‘आम्ही खात नाही’ म्हटल्यावर चेहरा उजळला. त्या उजळण्याची मला लाज वाटली. घर घेतलं नाही. दुसरीकडे जत्रेला मावशीच्या घरी मी पिठलं मागतो तेव्हा तिला वाईट वाटतं, आणि तिचं बरोबर आहे. तो बोकड तिच्या दारात वाढलेला असतो.

तेव्हा गावात राहत असाल, परड्यात चार कोंबड्या असतील, किंवा रापण ओढणारे तुमच्या ओळखीचे असतील, तर माझ्या नादी लागू नका. क्वचित खा, बघून खा. मटणावरच थांबता येत असेल, तरी वाद नाही. शहरात राहून मन खात असेल आणि ताटात मुख्यतः चिकनच पडत असेल, तर मला वाटतं, सोडून बघायला हरकत नाही. सुरुवात चिकनपासून करा, मग अंडी. दुधाचं मलाही पूर्ण जमलेलं नाही. पनीर बंद केलं, तूप सणापुरतं ठेवलं, चहा अजून दुधाचाच आहे.