फाउंटन: पटकथेतील वर्णनाला हक्काची जागा देणारी लेखनपद्धती

पटकथेत वर्णन किती असावे, असे विचारले की बहुधा ओळींचा हिशेब ऐकायला मिळतो. परिच्छेद तीन-चार ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका आणि जे कॅमेऱ्याला दिसत नाही किंवा ध्वनिमुद्रणात येत नाही ते लिहू नका, असे सांगितले जाते. हा सल्ला योग्यच आहे, पण त्याने लेखकाची खरी अडचण सुटत नाही. दृश्य लिहिताना लेखकाला ती खोली, तिथला उजेड, पात्राचे कपडे आणि त्याचा भूतकाळ असे सगळे दिसत असते, आणि ते दिसल्याशिवाय दृश्य लिहिताही येत नाही. मग पटकथेच्या पानावर नको असलेला हा तपशील ठेवायचा कुठे? फाउंटन या लेखनपद्धतीचे मोल मला वाटते ते प्रामुख्याने याच प्रश्नासाठी.

पटकथालेखक जॉन ऑगस्ट, चित्रपटकर्ते स्टू मॅशविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये फाउंटन खुले केले. ते एखादे ॲप नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पटकथा कशी लिहावी याचे ते थोडेसे नियम आहेत आणि ते कोणालाही विनामूल्य वापरता येतात. दृश्याचे शीर्षक, पात्राचे नाव आणि संवाद हे घटक ओळीच्या ठेवणीवरून ओळखले जातात. ज्या ओळीला यांपैकी कोणताच नियम लागू होत नाही, ती ॲक्शन, म्हणजेच दृश्यवर्णन, मानली जाते. या ओळींतला प्रत्येक परिच्छेदभंगही जसाच्या तसा राखला जातो. कोणती प्रतिमा कोणत्या ओळीवर सुटी ठेवायची आणि वाचणाऱ्याची नजर कुठे थांबवायची, हा निर्णय त्यामुळे पूर्णपणे लेखकाच्या हाती राहतो. वर्णनाचा वेग शब्दांइतकाच या तुटलेल्या ओळींवर अवलंबून असतो, म्हणून ही सोय किरकोळ समजू नये.

या पद्धतीचे खरे बळ मात्र छापल्या न जाणाऱ्या मजकुरात आहे. दुहेरी चौकटी कंसांत लिहिलेली टीप फाइलमध्ये राहते, पण तयार पटकथेत सहसा उतरत नाही. बरोबरच्या चिन्हाने (=) सुरू होणारी ओळ दृश्याचा सारांश ठरते आणि तीही छापली जात नाही. तिरपी रेघ व तारांकन यांच्या जोडीत बंद केलेला भाग ‘बोनयार्ड’ म्हणून बाजूला पडतो. आधीच्या मसुद्यातला काढून टाकलेला परिच्छेद तिथे सुखरूप राहतो. या तीन सोयींमुळे लेखकाला लागणारा तपशील आणि वाचणाऱ्याला लागणारा तपशील एकाच फाइलमध्ये, एकमेकांच्या शेजारी, तरीही वेगळे राहू शकतात.

समजा, विकलेल्या घरात मुलगी शेवटची फेरी मारायला येते, असे दृश्य आहे. पहिल्या मसुद्यात सोफ्याचा रंग, पडद्यांचे कापड, पंख्याचा आवाज आणि वडिलांनी ते घर कधी घेतले होते, हे सगळे सहज लिहिले जाते. त्यातले दृश्याला नेमके काय हवे? ‘भिंतीवर जिथे फोटो होते, तिथे फिकट चौकोन उरले आहेत. ती त्यांतल्या एकावर तळहात ठेवते.’ एवढ्या दोन वाक्यांत घर, काळ आणि नाते तिन्ही येतात. सोफा आणि पडदे टिपेत जातात, कारण त्यांची निवड कलादिग्दर्शक अधिक चांगली करील. घर कधी घेतले हेही टिपेतच जाते, कारण ते पडद्यावर दिसणार नाही. प्रेक्षकाला ते कळणे आवश्यक असेल, तर त्या माहितीसाठी संवादातून किंवा कृतीतून वाट काढावी लागेल. पंखा मात्र पुढे कथेत बंद पडणार असेल, तर त्याचा आवाज आताच पानावर हवा, कारण ज्या तपशिलावर पुढची घटना उभी आहे तो गाळणे हा पाल्हाळाइतकाच गंभीर दोष आहे. टिपेतला मजकूर नाहीसा होत नसल्यामुळे ही निवड करताना हात आखडत नाही आणि काटछाट अधिक प्रामाणिकपणे होते.

उणिवाही आहेत. साध्या मजकुराला पाने नसतात, आणि एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट हा प्रचलित अंदाज तर पानांवरच चालतो. क्षणभराच्या हालचालीला अर्धे पान दिले, किंवा लांबलचक पाठलाग एका ओळीत उरकला, की हा अंदाज दोन्ही बाजूंनी बिघडतो. पण फाउंटनच्या मूळ फाइलमध्ये ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी हायलँड, स्लगलाइन किंवा बीट यांसारख्या फाउंटन जाणणाऱ्या ॲपमध्ये पानांची मांडणी अधूनमधून पाहावीच लागते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना याहून अधिक काळजी घ्यावी लागते. पात्राचे नाव ओळखण्याचा नियम रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांवर बेतलेला आहे, आणि आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत. त्यामुळे नाव कोणते आणि वर्णन कोणते याचा निवाडा ॲपवर सोडणे धोक्याचे ठरते. नावाच्या आधी ईमेलच्या पत्त्यातले ‘ॲट’ चिन्ह, दृश्यशीर्षकाच्या आधी टिंब आणि शंका असेल तिथे वर्णनाच्या ओळीआधी उद्गारचिन्ह, ही चिन्हे फाउंटनने याच कामासाठी दिलेली आहेत आणि ती लावण्याची सवय पहिल्या पानापासून करावी. पात्राचा प्रथम प्रवेश मोठ्या अक्षरांत दाखवण्याची रीतही आपल्याला उपयोगी नाही. नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारांकने लावून ते ठळक करणे हा चांगला पर्याय आहे. शिवाय मिनिटांचा तो अंदाज १२ पॉइंट आकाराच्या कुरिअर या रोमन फॉन्टच्या समान रुंदीच्या अक्षरांवर आधारलेला आहे. देवनागरी फॉन्टमध्ये ओळीत मावणारी अक्षरे आणि ओळींची उंची दोन्ही बदलत असल्याने, एखादे दृश्य मोठ्याने वाचून, वर्णनातल्या कृतीला लागणारा वेळ धरून, आपल्या फॉन्टच्या पानाचे माप स्वतः काढावे लागते.

निव्वळ पटकथालेखनासाठी मी फाउंटनची शिफारस नि:शंकपणे करतो. चित्रीकरण जवळ आल्यावर लागणारी दृश्यक्रमांकांची गोठवणूक (म्हणजे ते पुढे बदलू न देणे) आणि दुरुस्त केलेली पाने वेगळ्या रंगात काढणे यांसाठी मात्र फायनल ड्राफ्टसारखे पूर्ण सॉफ्टवेअर अधिक सोयीचे आहे. निर्मात्याकडे पटकथा पाठवताना फाउंटनची मूळ फाइल देऊ नये. साध्या मजकुराच्या कोणत्याही ॲपमध्ये ती उघडली, की सगळ्या टिपा आणि बोनयार्डमधले परिच्छेद उघडपणे दिसतात. ॲपमधून पीडीएफ तयार करून, त्यात टिपा उतरलेल्या नाहीत याची खात्री करून, तीच पाठवावी.