पुंगळीच्या बुडाशी पाहिलं असतं तर

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत उत्सुकता नको. साडेबासष्ट हजार. तीन हप्त्यांत, स्वतःच्या हाताने, एका ठगाला यूपीआयने पाठवले.

२०२४च्या ऑगस्टमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं आणि आमच्या नौपाड्यातल्या घरात चव्वेचाळीस वर्षांचा एक हिशेबनीस अचानक नेमबाज व्हायला निघाला. आधी एअर पिस्तूल, मग क्लबच्या .२२ पिस्तुलावर आठवड्यातून एकदा सराव. एअर पिस्तुलाचे छर्रे परवडतात. .२२ची काडतुसं मात्र मी मोजून झाडतो, आणि घरी हिशेब द्यावा लागतो तो वेगळाच.

त्यात झाडलेली काडतुसं घरीच पुन्हा भरणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी लोकांचे व्हिडिओ बघायची सवय लागली. गॅरेजमध्ये टेबलाला एक प्रेस बोल्टने आवळलेली. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, डायमधून, म्हणजे साच्यातून, पुन्हा मापात आणायची, बुडाचा जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, पाडून नवा बसवायचा, दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. दारूचं वजन ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे जेमतेम पासष्ट मिलिग्रॅम, आणि ही माणसं ग्रेनच्या दहाव्या भागासाठी तराजूशी हुज्जत घालतात! आयुष्यभर बॅलन्स शीट जुळवलेल्या माणसाला याची भुरळ पडणारच.

मी एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहज विचारलं, 'आपल्याकडे असं कुणी करतं का?' दहा मिनिटांत एकाचा वेगळा मेसेज. 'साहेब, पूर्ण किट आहे. .२२ची डायपण देतो. परमिटसकट.'

माणूस वाशीला भेटला, सेक्टर सतराच्या रस्त्यावर. गाडीची डिकी उघडली. आत जाड फळीवर बसवलेली हिरवी प्रेस, तेलाचा वास. त्याने खिशातून पुंगळी काढली, चिमटीत धरून बसवली, दांडा खाली ओढला. टिक. जुना प्रायमर निसटून वाटीत पडला. 'बघा, लोण्यासारखी चालते.' मला दांडा ओढू दिला. मी दोनदा ओढला. त्याच संध्याकाळी पंधरा हजार टोकन गेले.

पुढचं पटकन सांगतो, कारण त्यात माझी अक्कल फारशी दिसत नाही. डिकीतली प्रेस 'डेमो पीस', माझी न्हावा शेव्याला कंटेनरमध्ये. ड्युटीचे अठ्ठावीस हजार पाचशे. मग परमिट माझ्या नावावर करायचे एकोणीस हजार. परमिटची पीडीएफ आली, तिच्यावर जिल्हाधिकारी कार्यालयाचा शिक्का. ठाणे शहरात शस्त्र परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे असतं, हे मला ठाऊक होतं. तरी शिक्का गोल होता, निळा होता, म्हणून मी मान डोलावली. सुताराकडून दोन इंची जाड फळीचं टेबलही करून घेतलं.

उलगडा झाला रेंजवर. आमच्या सरांना मी लाजत लाजत सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पायाजवळच्या डब्यातून .२२ची रिकामी पुंगळी उचलली आणि माझ्या तळहातावर उलटी ठेवली.

"प्रायमर दाखव."

बूड सपाट. मधे टिकलीच नाही, फक्त कडेला पिनचा चेपलेला खड्डा.

"ही रिमफायर. हिचा मसाला कडेच्या घडीत भरलेला असतो. एकदा कड चेपली की हिचं आयुष्य संपलं. डाय कसली देतोय तो?"

मग सरांनी बत्तीस बोअरची पुंगळी दाखवली. तिच्या बुडाशी मधोमध गोल टिकली. वाशीला टिक वाजली होती ती असल्या पुंगळीची. मी वर्षभर .२२ झाडत होतो आणि पुंगळी एकदाही उलटी करून पाहिली नव्हती.

त्या रात्री मी पैसे परत मागितले. उत्तर आलं, ते जसंच्या तसं देतो. 'पोलिसात जा ना साहेब. काय सांगणार? काडतुसं बनवायचं मशीन मागवलं होतं?'

खरा फास हा होता. वकील असलेल्या मेहुण्याने कोर्ट नाक्यावर चहा पिता पिता १९५९चा शस्त्र कायदा उघडून दाखवला. कलम २ मधल्या 'दारूगोळ्या'च्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बनवणं गुन्हा, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. दारू म्हणजे स्फोटक, तिचा कायदा आणखी वेगळा. अमेरिकेत जी रविवार दुपारची करमणूक, ती इथे तुरुंगाची वाट. ठगाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. गिऱ्हाईक तोंड उघडणार नाही, याच भांडवलावर त्याचा धंदा.

आणि मी खरंच तोंड उघडलं नाही. अकरा दिवस. वर घाबरून अर्धे मेसेज पुसले. मेहुणा सर्वांत जास्त चिडला तो यावर. "तुझ्याकडे वस्तू आली नाही, तू काही बनवलं नाहीस. पुरावा तुझ्या बाजूचा होता आणि तूच पुसलास!" सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला तेव्हा पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी गेले? मी तारखा सांगितल्या. क्षणभर शांतता. एवढ्या दिवसांत रक्कम बहुतेक पुढच्या खात्यांत पांगली होती. सहा हजार आठशे गोठले आहेत, हातात अजून काही नाही. लेखी तक्रार वकिलाला सोबत नेऊन दिली, काही न लपवता. कुणी मला आत टाकलं नाही.

टेबल गॅलरीत आहे. त्यावर बायको पापड वाळवते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची किंमत सांगते.

गेल्या शनिवारी रेंजवर एक कॉलेजचा मुलगा जवळ आला. हळूच म्हणाला, "काका, वाशीला एकजण किट देतो म्हणे. .२२ची डायपण आहे."

मी डब्यातून एक पुंगळी उचलली आणि त्याच्या हातावर उलटी ठेवली.